धर्मादाय आणि परका पैसा : बुलढाणा जिल्ह्याच्या निमित्ताने एक विचार

१

मराठीत रूढ असलेला ‘धर्मादाय’ हा शब्द आणि केंद्र शासनाच्या ‘विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम’ या कायद्याच्या हिंदी नावातील ‘अभिदाय’ हा शब्द, हे दोन्ही एकाच ‘दा’ धातूतून आलेले आहेत. दोहोंचा मूळ अर्थ देणे, देणगी असाच आहे. तथापि या दोन शब्दांभोवती जे दोन कायदे उभे राहिले, ते दोन अगदी वेगळे प्रश्न विचारतात. पहिला कायदा दान कशासाठी दिले आणि ते त्या कामी लागले की नाही, एवढेच पाहतो. दुसरा कायदा दान कोणाकडून आले हे आधी पाहतो. पहिल्याची दृष्टी दानाच्या हेतूवर आहे, दुसऱ्याची दात्याच्या ठिकाणावर आहे.

हा फरक वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटेल. परंतु सार्वजनिक संस्थांवर शासनाने ठेवलेल्या देखरेखीचा गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास तपासला, तर जेथे जेथे तंटा उद्भवला तेथे तेथे तो या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून उद्भवलेला दिसतो. एखादी शाळा, वसतिगृह, रुग्णालय किंवा वाचनालय परक्या राष्ट्राच्या किंवा अतिरेकी पक्षाच्या हातचे बाहुले बनले आहे, असा शासनास संशय आला म्हणजे त्याने काय करावे? संस्थेच्या कृत्यांचा पुरावा गोळा करावा, की तिच्या पैशाचे मूळ पाहूनच निर्णय द्यावा? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार बुलढाणा जिल्ह्याच्या निमित्ताने करावयाचा आहे.

बुलढाणा जिल्हा यासाठी निवडण्याचे कारण असे की, या एका जिल्ह्यावरून राज्यकारभाराच्या अनेक व्यवस्था गेल्या. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ च्या करारानंतर तो मध्य प्रांतास जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेश राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाच्या अन्य जिल्ह्यांसह द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. भूमी तीच, माणसे तीच, देवस्थाने व शाळाही पुष्कळ अंशी त्याच. परंतु त्यांच्याकडे पाहणारी शासनाची दृष्टी मात्र वेळोवेळी पालटत गेली. एका स्थळी राहून अनेक कायद्यांची तुलना करण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

२

प्रथम साध्या देखरेखीचा विचार करू. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानाची स्थापना १९०८ सालची आहे. वऱ्हाडातील व वऱ्हाडाबाहेरील असंख्य भाविकांच्या लहानमोठ्या देणग्यांवर उभी राहिलेली ही संस्था धर्मादाय या शब्दाचा लोकांच्या मनातील अर्थ नेमका दाखविते. दाता कोण, तो कोठून आला, हे तेथे कोणी पाहत नाही; दिलेले दान देवाच्या व गरजवंताच्या कामी लागावे, एवढीच अपेक्षा असते. आपल्याकडील व्यापारी पेठांतून सौद्यामागे काही पैसे ‘धर्मादा’ म्हणून बाजूस काढण्याची जी चाल होती, तिच्यामागेही हीच भावना होती.

स्वातंत्र्यानंतर ही भावना कायद्याच्या चौकटीत आली. मध्य प्रदेशाने १९५१ साली सार्वजनिक न्यासांचा कायदा केला व जिल्ह्याच्या कलेक्टरास न्यासांचा निबंधक नेमले. बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावरही काही काळ हाच कायदा चालू राहिला. पुढे १ फेब्रुवारी १९६१ पासून मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, हा विदर्भास लागू झाला आणि जिल्ह्यातील मंदिरे, मशिदी, शिक्षणसंस्था व दवाखाने धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आले. या कायद्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द पुढे आला. त्याचे स्वरूप मात्र तेच राहिले.

हे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. संस्थेने नोंदणी करावी, मालमत्तेची यादी द्यावी, विश्वस्त बदलले तर कळवावे, दरसाल हिशेब तपासून घ्यावेत, अशी त्याची मांडणी आहे. पेठेतील धर्मादा गोळा करणाऱ्या व्यापाऱ्यासही या कायद्याने त्या रकमेचा विश्वस्त मानले आहे आणि त्याच्याकडून हिशेब मागितला आहे. विश्वस्ताने गैरवर्तन केले तर त्याला निलंबित किंवा दूर करण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. परंतु त्यापूर्वी त्याच्यावरील आरोप लेखी ठेवावे लागतात, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि निर्णयाविरुद्ध न्यायालयाकडे जाण्याची वाट मोकळी असते. सारांश, येथे शासन हिशेब तपासणाऱ्याच्या भूमिकेत आहे. या व्यवस्थेत दिरंगाई आहे, कज्जेदलाली आहे, आणि विश्वस्तांची आपसांतील भांडणे वर्षानुवर्षे चालतात, हे खरे. परंतु एखाद्या संस्थेची निष्ठा कोणत्या देशाशी आहे, असला प्रश्न या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

३

तो प्रश्न दुसऱ्या वाटेने आला, आणि ही वाट पुष्कळ जुनी आहे. ज्या १९०८ साली शेगावचे संस्थान स्थापन झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रज सरकारने फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम संमत केला. एखादी संस्था कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणते अथवा सार्वजनिक शांततेस धोकादायक आहे, असे सरकारचे मत झाले म्हणजे तिला बेकायदेशीर ठरविण्याचा अधिकार या कायद्याने दिला. येथे ‘मत’ हा शब्द कळीचा होय. पुरावा न्यायालयापुढे मांडण्याची आवश्यकता नव्हती. सरकारचे मत झाले आणि ते राजपत्रात प्रसिद्ध झाले की पुरे. त्यानंतर त्या संस्थेचा सभासद असणे हाच अपराध होई.

हा कायदा प्रथम बंगालमधील क्रांतिकारक समित्यांवर चालविला गेला. परंतु त्याचा फटका महाराष्ट्रातील एका शाळेसही बसला. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली कोल्हापुरास सुरू केलेले व पुढे तळेगाव दाभाडे येथे नेलेले समर्थ विद्यालय लोकवर्गणीवर चालत होते. मातृभाषेतून शिक्षण आणि उद्योगाची जोड हे त्याचे वैशिष्ट्य होते. विजापूरकर स्वतः ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखाबद्दल राजद्रोहाची शिक्षा भोगत असतानाच, १९१० साली, सरकारने हे विद्यालय बंद पाडले. संपादकावर निदान खटला तरी चालला. आरोपपत्र, साक्ष, बचाव व निकाल या पायऱ्या पार पडल्या. विद्यालयाच्या वाट्यास तेवढेही आले नाही. त्यातील विद्यार्थ्यांनी अथवा शिक्षकांनी नेमके कोणते कृत्य केले, हे ठरविण्याचा प्रसंगच आला नाही. एकाच वर्तुळातील माणसाला न्यायालय मिळाले आणि शाळेला केवळ आज्ञापत्र मिळाले, हा विरोध या कायद्याचे मर्म सांगतो.

हाच कायदा १९३२ च्या सविनय कायदेभंगात काँग्रेसच्या समित्यांवर चालला. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी तो कायदा पुस्तकात राहिलाच. मद्रास सरकारने १९५० साली तो पीपल्स एज्युकेशन सोसायटी या नोंदलेल्या शिक्षणसंस्थेवर वापरला. संस्था आपला पैसा कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारासाठी वापरते, असा सरकारचा आरोप होता. म्हणजे धर्मादाय संस्थेच्या आडून अतिरेकी राजकारण, हा आजचाच संशय तेव्हाही होता. परंतु आता संस्थेला दाद मागण्यासाठी घटना होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली, मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव या खटल्यात, संबंधित तरतूद घटनाबाह्य ठरविली. संघ स्थापण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालणारा निर्णय केवळ शासनाच्या समाधानावर सोडता येणार नाही. त्यामागील कारणांची न्यायालयीन तपासणी झाली पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. समर्थ विद्यालयाला १९१० साली जे नाकारले गेले, ते बेचाळीस वर्षांनी मद्रासमधील एका संस्थेस मिळाले.

४

यानंतर दोनच वर्षांनी, बुलढाणा जिल्हा ज्या राज्यात होता त्या मध्य प्रदेशात, या प्रश्नाचे दुसरे अंग पुढे आले. पं. रविशंकर शुक्ल यांच्या शासनाने १४ एप्रिल १९५४ च्या ठरावान्वये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते. घनश्यामसिंह गुप्त यांच्यासारखे राजकीय कार्यकर्ते तिच्यात होते. तसेच वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक, गांधीविचाराने भारलेले ख्रिस्ती विचारवंत एस. के. जॉर्ज हेही होते. समितीने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, दौरे केले, साक्षी घेतल्या, आणि जुलै १९५६ मध्ये अहवाल सादर केला.

चौकशीचे मूळ बव्हंशी पूर्वेकडील सुरगुजा, रायगड, जशपूर या आदिवासी मुलखांतील तंट्यांत होते. वऱ्हाडची परिस्थिती निराळी होती. बुलढाणा, चिखली, मेहकर या भागात अमेरिकेतील चर्च ऑफ द नॅझरीन या पंथाचे काम होते. अकोला, खामगाव, मलकापूर या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही दुसरी अमेरिकन संस्था काम करीत होती. वाशीम हे त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. तेथील रेनॉल्ड्स स्मृती रुग्णालय नॅझरीन पंथाचेच. या संस्थांचा पैसा परदेशातून येत होता, ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. त्यामुळे ज्या प्रश्नाचे मूळ सुरगुजात होते, त्याचे उत्तर चिखलीच्या शाळेस व वाशीमच्या दवाखान्यासही लागू होणार होते.

समितीच्या अहवालातील एक आकडा फार गाजला. जानेवारी १९५० ते जून १९५४ या काळात भारतातील मिशन संस्थांना परदेशांतून २९.२७ कोटी रुपये मिळाले आणि त्यांपैकी २०.६८ कोटी एकट्या अमेरिकेतून आले, असे अहवाल सांगतो. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती, आणि शीतयुद्धाच्या दिवसांत शासनास तिची चिंता वाटणे अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या आकड्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. तो सबंध देशाचा आहे. औषधांवर, शिक्षकांच्या वेतनावर, इमारतींवर व धर्मप्रसारावर किती खर्च झाला याची विभागणी तो करीत नाही. तो पैशाचे मूळ सांगतो. पैशाचे काम सांगत नाही. एखाद्या रुग्णालयाने उपचारासाठी धर्मांतराची अट घातली काय, हा प्रश्न त्या रुग्णालयाच्या दारात जाऊनच सुटू शकतो. त्याचे उत्तर कोटींच्या बेरजेतून निघत नाही.

समितीच्या शिफारशींचा कलही असाच दिसतो. ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हा आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे. वैद्यकीय व अन्य सेवांचा धर्मांतराचे साधन म्हणून होणारा उपयोग कायद्याने थांबवावा. अनुदानप्राप्त संस्थांची दर तीन महिन्यांनी सक्तीची तपासणी व्हावी. आणि कोणत्याही बिनसरकारी संस्थेस शासनाच्या मार्फतीखेरीज परकीय साहाय्य घेऊ देऊ नये, अशा त्या शिफारशी होत्या. यांपैकी सेवेच्या दुरुपयोगासंबंधीची शिफारस कृत्याविषयी आहे. ती पुराव्याने तपासता येते. परकीय साहाय्यासंबंधीची शिफारस मात्र मुळाविषयी आहे. एकाच अहवालात या दोन जातींच्या गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि त्यांतील भेद कोठेही स्पष्ट केलेला नाही. पुढे उठलेल्या वादात एका बाजूने सगळा अहवाल स्वीकारला व दुसऱ्या बाजूने सगळा नाकारला, याचे एक कारण या सरमिसळीत आहे.

अहवालाचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. तो सादर झाल्यावर अवघ्या काही महिन्यांत राज्यपुनर्रचना झाली आणि बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशाबाहेर पडला. मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा जो कायदा केला, तो या जिल्ह्यास लागू होण्याचा प्रश्नच उरला नाही. आणखी एक घटना येथे नमूद करणे उचित होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला, त्या प्रसंगी दीक्षा घेणाऱ्यांत नियोगी हेही होते. ज्या न्यायाधीशाने धर्मांतराच्या साधनांची चौकशी केली त्यानेच काही महिन्यांत स्वतः धर्म बदलला, यावरून त्याच्या हेतूविषयी घाईने अनुमान काढणारांनी सावध राहावे. समितीला धर्मांतर मात्र निषिद्ध वाटत होते, असे म्हणणे त्यामुळे कठीण होते. तिच्या आक्षेपाचा रोख साधनांवर व परक्या पैशावर होता.

५

येथवरच्या विवेचनावरून परकीय पैशाचा संशय हा निव्वळ कल्पनेचा खेळ होता, असा समज कोणी करून घेऊ नये. १९६६–६७ च्या सुमारास अमेरिकेत जे गौप्यस्फोट झाले, त्यांतून काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संस्थेस अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा धर्मादाय प्रतिष्ठानांच्या मार्फत मिळत होता, हे जगापुढे आले. या संस्थेची भारतीय शाखा मुंबईत होती आणि ‘क्वेस्ट’ हे नामांकित इंग्रजी नियतकालिक तिच्याच आश्रयाने निघत असे. म्हणजे परके राष्ट्र धर्मादाय संस्थेचा बुरखा घेऊन काम करू शकते, हे सिद्ध झालेले सत्य आहे. त्याच सुमारास, यशवंतराव चव्हाण गृहमंत्री असताना, १९६७ च्या निवडणुकीतील परकीय पैशाबद्दल गुप्तचर खात्याने चौकशी केली. तिचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही.

या पार्श्वभूमीवर विदेशी अभिदायाचा पहिला कायदा १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, आला. १९८४ च्या दुरुस्तीने परकीय पैसा घेणाऱ्या संस्थांना नोंदणी आवश्यक झाली. परंतु कायदा असूनही संशयाचे राजकारण थांबले नाही. १९८२ साली केंद्र शासनाने न्या. कुदाल आयोग नेमला. गांधी शांती प्रतिष्ठान, गांधी स्मारक निधी, ‘अवार्ड’ आणि सर्व सेवा संघ या गांधीमार्गी संस्थांची चौकशी हे त्याचे काम होते. यांपैकी सर्व सेवा संघ हा विदर्भातल्या सेवाग्रामी १९४८ साली जन्मलेला. भूदानाच्या दिवसांत वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांचे त्याच्याशी निकटचे नाते होते. या संस्थांतील पुष्कळ मंडळी जयप्रकाशजींच्या आंदोलनात होती, म्हणून ही चौकशी सूडाची आहे, असे अनेकांनी म्हटले. आयोग १९८७ साली गुंडाळला गेला. पाच वर्षे चाललेल्या चौकशीमुळे या संस्थांच्या कार्यकर्त्यांची शक्ती कशात गेली असेल, हे सांगावयास नको.

आता ‘परकीय’ या शब्दाचा अर्थ किती लवचिक आहे, याचे एक उदाहरण पाहू. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली असा निर्णय दिला की, वेदांत उद्योगसमूहाशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन देशातील दोन प्रमुख राजकीय पक्षांनी, काँग्रेसने व भारतीय जनता पक्षाने, १९७६ च्या कायद्याचा भंग केला. कारण त्या कंपन्यांची मालकी परदेशी होती. यावर २०१६ च्या वित्त अधिनियमाने परकीय स्रोताची व्याख्याच बदलली व तो बदल २०१० पासून लागू केला. २०१८ च्या वित्त अधिनियमाने तो थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. पैसा तोच, दाता तोच, परंतु मागच्या तारखेने तो ‘परकीय’ राहिला नाही. त्याच काळात संस्थांच्या बाबतीत मात्र कायदा अधिक आवळला गेला. २०२० च्या दुरुस्तीने परकीय पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा असा नियम केला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. आणि एका संस्थेने मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली. नियोगी समितीच्या अहवालातील ‘शासनाच्या मार्फतीने’ ही कल्पना चौसष्ट वर्षांनी वेगळ्या रूपात अवतरली, असे म्हटल्यास ते अगदीच अनाठायी होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती २०२२ साली बहुतांशी वैध ठरविली. परकीय दान स्वीकारणे हा निरपवाद हक्क नाही, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. मात्र त्याच न्यायालयाने २०२० साली, इंडियन सोशल अ‍ॅक्शन फोरमच्या खटल्यात, केवळ बंद किंवा मोर्चा अशा मार्गांनी लोकहिताचा प्रश्न मांडणाऱ्या संस्थेस ‘राजकीय’ ठरवून परकीय साहाय्यापासून वंचित करता येणार नाही, असेही सांगितले होते.

या नियमांचा भार कोठे पडतो, हे जिल्ह्याच्या पातळीवर उतरल्याखेरीज कळत नाही. परदेशी दात्याशी थेट पत्रव्यवहार करणारी संस्था बहुधा मोठ्या शहरात असते. सिंदखेडराजा किंवा संग्रामपूर तालुक्यातील लहान संस्थेस असा पैसा मिळावयाचा तो शहरातील मोठ्या संस्थेच्या हातूनच. हस्तांतराची मनाई झाल्यावर ही वाट बंद झाली. कोणत्याही गैरकृत्याचा आरोप नसताना बंद झाली. नोंदणी निलंबित झाल्यास कालावधी आधी १८० दिवसांचा आणि वाढविल्यास आणखी १८० दिवसांचा. नोंदणी रद्द करण्यापूर्वी संस्थेचे म्हणणे ऐकावे लागते, हे खरे. परंतु ऐकणारे आणि निर्णय देणारे एकच, म्हणजे केंद्र शासन. त्यावर स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. बुलढाण्याच्या संस्थेस उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धाव घ्यावी लागते. धर्मादाय आयुक्तांपुढील वहीवाटीशी याची तुलना केली म्हणजे एकाच संस्थेस दोन कायद्यांखाली किती भिन्न वागणूक मिळते, हे ध्यानात येते.

६

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. परक्या हेरखात्याचा अथवा दहशतवादी संघटनेचा पैसा हा हिशेबाच्या वहीत त्या नावाने लिहिलेला नसतो. त्याची माहिती गुप्त सूत्रांकडून मिळते. ती उघड केली तर सूत्रच नष्ट होते. मग लेखी आरोप व उघड सुनावणी यांचा आग्रह धरणे व्यवहार्य आहे काय? आक्षेप खोटा नाही. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमचे उदाहरण त्याच्याच बाजूने साक्ष देते. कोणत्याही निबंधकाच्या वहीतून ती गोष्ट उघड झाली नसती.

परंतु या आक्षेपास आपल्याच न्यायालयाने उत्तर दिलेले आहे. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील घटनेनंतर केंद्र शासनाने बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७, या कायद्याखाली राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, विश्व हिंदू परिषद, बजरंग दल, जमाते इस्लामी हिंद इत्यादी संघटनांवर बंदी घातली. या कायद्यात न्यायाधिकरणाची तरतूद आहे, हा व्ही. जी. राव निकालाचाच वारसा होय. न्या. बहरी यांच्या न्यायाधिकरणाने १९९३ साली संघ व बजरंग दल यांवरील बंदी कायम केली नाही, विश्व हिंदू परिषदेवरील केली. जमाते इस्लामी हिंदवरील बंदी न्यायाधिकरणाने उचलून धरली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली रद्द केली. त्या निकालात न्यायालयाने सांगितले की, गुप्त माहिती दुसऱ्या पक्षास न दाखविता न्यायाधिकरण स्वतः पाहू शकते. परंतु ती विश्वासार्ह आहे की नाही, याची पारख त्याने स्वतः केली पाहिजे. शासन म्हणते म्हणून ती खरी मानता येणार नाही. गुप्तता आणि न्याय यांचा मेळ घालण्याचा याहून व्यवहार्य मार्ग सुचविणे कठीण आहे. भिन्न विचारांच्या संघटनांना एकाच मापाने मोजले गेले, हेही या प्रकरणात नोंदण्याजोगे आहे.

जागतिक पातळीवरही शब्दांची अशीच फेरतपासणी झालेली दिसते. वित्तीय कृती दल या आंतरराष्ट्रीय मंडळाने २००१ च्या हल्ल्यांनंतर धर्मादाय संस्था दहशतवाद्यांच्या वापरास ‘विशेषत्वाने’ बळी पडण्याजोग्या आहेत, असे म्हटले होते. २०१६ साली त्याने ते शब्द काढून टाकले आणि ज्या संस्थांबाबत खरोखर धोका आहे त्यांच्यापुरतीच प्रमाणशीर उपाययोजना करावी, अशी भूमिका घेतली. सबंध वर्गाविषयीच्या संशयाकडून विशिष्ट संस्थेच्या परीक्षेकडे झालेला हा प्रवास आहे.

७

निष्कर्ष असा. शासनाला देखरेखीचा अधिकार आहे, आणि परक्या राष्ट्राच्या किंवा हिंसक संघटनांच्या पैशाबद्दल सावध राहणे हे त्याचे कर्तव्यही आहे. परंतु इतिहासाची साक्ष घेतली तर ही देखरेख तीन गोष्टींनी तोलली पाहिजे. संस्थेने केलेले कृत्य नेमके कोणते, हे सांगितले पाहिजे. त्याची कारणे लेखी दिली पाहिजेत. आणि शासनाबाहेरच्या कोणीतरी ती पारखली पाहिजेत. समर्थ विद्यालयास यांपैकी एकही गोष्ट मिळाली नाही. मद्रासच्या संस्थेस ती झगडून मिळाली. नियोगी समितीने साक्षी घेतल्या, परंतु वैयक्तिक आरोप व सामुदायिक अनुमान यांतील सीमारेषा तिने आखली नाही. गांधीमार्गी संस्थांची चौकशी पाच वर्षे चालून मध्येच थांबली. १९९४ च्या निकालाने या तिन्ही कसोट्या गुप्त माहितीच्या बाबतीतही लावून दाखविल्या. विदेशी अभिदायाच्या आजच्या कायद्यात तिसरी कसोटी अजून अपुरी आहे; नोंदणी रद्द करण्याच्या निर्णयावर स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, ही मागणी त्यामुळेच रास्त ठरते.

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यातील संस्थांची जुनी कागदपत्रे तपासताना ‘परकीय’, ‘राजद्रोही’, ‘राष्ट्रविरोधी’ असे शब्द आढळतील. तेथे थांबून प्रत्येक वेळी पाहावे, की त्या शब्दापुढे एखाद्या कृत्याची नोंद आहे, की केवळ पैशाच्या वाटेची. जेथे कृत्याची नोंद आहे तेथे इतिहास लिहिता येतो. आरोप खरा की खोटा हे ठरविता येते. जेथे केवळ वाटेची नोंद आहे तेथे संस्थेविषयी काही कळत नाही, त्या काळच्या शासनाच्या भीतीविषयी मात्र पुष्कळ कळते. ती भीतीही अभ्यासाचा विषय आहेच. परंतु तिला संस्थेचा इतिहास समजून चालणार नाही.